वादपीठावरील ‘आपण’

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हटले की तो सामावला जातो. गुजरातीत हा भेद आहे, प्रमाण हिंदीत नाही. द्राविडी भाषांत तो पूर्वापार असल्यामुळे त्यांच्या सान्निध्यातून तो मराठीत दृढ झाला असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ‘आपण’ हे रूप संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृताच्या द्वारे आलेले, म्हणजे मुळात ‘स्वतः’ या अर्थाचे. परंतु हाच शब्द आदरार्थी द्वितीयपुरुषीही चालतो. ‘आपण म्हणतो’ आणि ‘आपण म्हणता’ ह्यांत अंतर आहे ते क्रियापदाच्या अखेरच्या एका स्वराचे. पहिल्यात बोलणारा व ऐकणारा एकाच पंक्तीस बसले आहेत; दुसऱ्यात ते समोरासमोर उभे असून मध्ये नमस्कारापुरते अंतर राखले आहे.

चर्चा करणाऱ्या कोणत्याही समूहात आपलेपणा ओसरू लागला की ठरावीक तक्रारी ऐकू येतात. वाद वाढले, भाषा कडवट झाली, जुनी मंडळी येईनाशी झाली, नव्यांना रीतभात ठाऊक नाही. अशा तक्रारींत कडवटपणा हे ऱ्हासाचे कारण धरलेले असते. एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिके व सभा ह्यांचे मिळून जे एक वादपीठ उभे राहिले, त्याच्या इतिहासावर ही कारणमीमांसा घासून पाहिली तर ती फार काळ टिकत नाही.

गोपाळ हरि देशमुख ह्यांनी ‘लोकहितवादी’ ह्या नावाने भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ पासून १८५० पर्यंत जी १०८ पत्रे लिहिली, त्यांइतके तिखट लेखन त्या काळच्या मराठीत क्वचितच सापडेल. ब्राह्मणांचे अज्ञान, त्यांची पाठांतरी विद्या, आळस, परंपरेचा वृथा अभिमान ह्यांवर त्यांत कोरडे ओढलेले आहेत. लिहिणारा स्वतः ब्राह्मण, वयाने २५ वर्षांचा, सरकारी नोकरीतला. ही कठोरता घरातली आहे; लेखक ज्यांना दोष देतो त्यांच्यातून तो स्वतःस वजा करीत नाही. शिवाय त्याने निवडलेला घाट पत्राचा आहे, आणि पत्र हा प्रकारच असा की त्यात उत्तराची जागा आधीच मोकळी ठेवलेली असते. वाचणाऱ्याला राग येईल, पण त्यालाही लेखणी उचलून त्याच संपादकाकडे पत्र धाडता येईल, हे गृहीत धरूनच ते लिहिले जाते. पत्रकर्त्याचे खरे नाव झाकलेले होते, ही गोष्टही येथे नोंदण्यासारखी आहे. टोपणनावाने लिहिणारा बेजबाबदार होतो असे म्हणण्याची वहिवाट आहे; शतपत्रांपुरते तरी तसे म्हणता येत नाही.

त्याच सुमारास मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी जी सभा काढली (१८४८), तिच्या मराठी शाखेत निबंध वाचले जात व त्यांवर बोलणे होई. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक ह्याच चळवळीतून पुढे आले. ह्या मंडळींनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या व त्यांत विनावेतन शिकविले. जी माणसे सायंकाळी एकमेकांचे मत खोडून काढीत, तीच सकाळी एका शाळेत शिकवीत असतील, तर त्यांच्यातील मतभेदाला एक मर्यादा आपोआप पडते. केवळ बोलण्याने जमलेला समूह आणि बोलता बोलता काहीएक काम अंगावर घेतलेला समूह ह्यांत हा फरक आहे, आणि वादपीठांच्या इतिहासकारांनी त्याकडे व्हावे तितके लक्ष दिलेले नाही.

ह्याच पिढीचे दुसरे टोक म्हणजे परमहंस सभा. १८४९ च्या सुमारास स्थापन झालेली ही सभा गुप्त होती. जातिभेद न मानण्याची शपथ तीत घेतली जाई, पण दाराबाहेर त्याची वाच्यता होत नसे. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची वही बाहेर गेली आणि सभा संपली. तिच्यात एकोपा नव्हता असे नाही. उलट तो फार होता. परंतु बाहेरच्याशी ‘आपण’ म्हणण्याची सोयच नसलेला तो समूह होता, आणि दार उघडताच त्यातील पुष्कळांना आपापल्या जातीत परतावे लागले. दादोबा पांडुरंग हे तिचे एक प्रमुख संस्थापक. मराठीचे व्याकरण लिहिणारे (१८३६) ते हेच. व्याकरण त्यांच्या लेखी शिकविण्याचे साधन होते. पुढच्या पिढीत त्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

१८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. वाङ्मयेतिहासात हे वर्ष नव्या युगाचे म्हणून सांगितले जाते. गद्याच्या दृष्टीने ते खरे आहे. वाक्याची बांधणी, उपहासाची धार, प्रतिपाद्य विषय शेवटपर्यंत रेटीत नेण्याची शक्ती ह्यांत शास्त्रीबुवांची बरोबरी करणारा त्या काळी दुसरा नव्हता. पण वादपीठाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र निराळे दिसते. मालेचे ८४ अंक निघाले व ते जवळजवळ सर्वस्वी एकाच लेखणीतून उतरले. पत्राची जागा निबंधाने घेतली. निबंधात वाचकाला श्रोत्याची जागा मिळते, उत्तर देणाऱ्याची नाही. त्यातील संपादकीय ‘आम्ही’ वस्तुतः एका व्यक्तीचा आहे. मात्र तो एका समाजाच्या वतीने उच्चारलेला असल्याने त्यातून कोण वगळला गेला हे वाचकाला बरोबर कळते.

लोकहितवादी व जोतीराव फुले ह्या दोघांवर मालेने हत्यार उपसले, पण प्रहाराची जात एक नाही. फुल्यांची पुस्तके व सत्यशोधक समाजाचा अहवाल ह्यांचा समाचार घेताना शास्त्रीबुवांच्या उपहासाचा मोठा भाग भाषेवर, व्याकरणाच्या चुकांवर खर्ची पडला आहे. ‘गुलामगिरी’ (१८७३) काय म्हणते ह्यापेक्षा ती कशा मराठीत म्हणते, हा प्रश्न पुढे आला. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने येथे थांबलेच पाहिजे. फुल्यांची भाषा अशुद्ध होती असे म्हणणे म्हणजे ती पुण्याच्या शिष्ट ब्राह्मणी बोलीहून भिन्न होती एवढेच म्हणणे होय. बोलीला बोली म्हणून चूक ठरविण्याचे कोणतेही शास्त्रीय प्रमाण नाही. परंतु वादपीठावर हा युक्तिवाद विलक्षण परिणामकारक ठरतो. प्रतिपक्षाचे म्हणणे खोडण्याऐवजी त्याचा बोलण्याचा अधिकारच नाकारता येतो, तेही सभ्यपणे, विद्येच्या नावाने. शतपत्रांतील शिवीगाळीच्या तोडीचा शब्दही जे करू शकला नाही ते ह्या शुद्धाशुद्धाच्या विवेकाने केले.

न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी ह्यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यास ग्रंथकारांची सभा भरली. दुसरी १८८५ मध्ये, पुण्यासच, कृष्णशास्त्री राजवाडे ह्यांच्या अध्यक्षतेखाली. हिचे निमंत्रण फुल्यांना गेले. त्यांनी पाठविलेले नकाराचे पत्र ‘ज्ञानोदया’त ११ जून १८८५ रोजी छापले गेले. सर्व माणसांचे हक्क जे मनापासून मानीत नाहीत व आचरणात आणीत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आपल्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही; एकी हवी असेल तर ती मुळातून कशी होईल ह्याचा शोध घ्यावा, असा त्या पत्राचा आशय. त्यातील ‘आम्ही’ शूद्रातिशूद्रांचा आहे, आणि तो जाणीवपूर्वक वापरलेला वगळणारा ‘आम्ही’ आहे.

ह्या पत्राकडे फूट पाडणारे कृत्य म्हणून पाहणारे त्या काळी असतील; आजही सापडतील. ते वाचन उथळ आहे. रानड्यांचा हेतू निर्मळ होता ह्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मराठी लिहिणाऱ्या सर्वांनी एकत्र यावे, हीच त्यांची इच्छा. फुल्यांचा आक्षेप हेतूवर नाही, सर्वनामावर आहे. ग्रंथकार म्हणून ज्यांना ‘आपण’ म्हटले जात होते त्यांतल्या एकाला, काही वर्षांपूर्वीच, व्याकरण येत नाही म्हणून हसण्यावारी नेलेले होते. आता तोच आदराने बोलाविला जात होता. ‘आपण यावे’ ह्यातला ‘आपण’ द्वितीयपुरुषी आहे. त्याला प्रथमपुरुषी समजून जाण्याचे जोतीरावांनी नाकारले.

येथे एक अडचण उभी राहते व ती टाळता येत नाही. ‘प्रभाकरा’चे वाचक तरी कोण होते? इंग्रजी अमलात लिहायला-वाचायला शिकलेले, बहुतांशी उच्चवर्णीय पुरुष. म्हणजे शतपत्रांतील घरातली कठोरता ज्या घरात शोभली ते घर मुळातच लहान होते. त्या घरातील आपलेपणाचा ऱ्हास झाला असे म्हणताना घराबाहेर उभे असलेल्यांचा जमाखर्च मांडला जात नाही. म्हणून १८४८ ते १८८५ ह्या काळात दोन निरनिराळ्या गोष्टी घडल्या असे मानावे लागते. उत्तर देण्याची जागा आक्रसली, हे खरे नुकसान. आणि ‘आपण’चा पैस किती तोकडा आहे हे उघडकीस आले, ह्याला नुकसान म्हणता येत नाही. जुन्या वादपीठांविषयी हळहळणारे ह्या दोहोंची गल्लत करतात. हळहळणारा बहुधा आत असलेल्यांपैकी असतो.

ग्रंथकार सभेची परंपरा पुढे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणून चालू राहिली. त्याचे ९८ वे अधिवेशन २०२५ मध्ये दिल्लीस झाले. मुंबईत १९५८ मध्ये पहिले दलित साहित्य संमेलन भरले, १९९९ मध्ये धारावीत पहिले विद्रोही साहित्य संमेलन. १८८५ च्या सभेची हकीकत संमेलनांच्या इतिहासग्रंथांत दुसरे संमेलन म्हणून सापडते. फुल्यांचे पत्र त्यांच्या १९६९ मध्ये निघालेल्या ‘समग्र वाङ्मया’त आहे. दोन्ही एकत्र वाचावयाचे झाल्यास विद्यार्थ्याला अद्याप दोन निराळी पुस्तके उघडावी लागतात.