याला साक्षी कोण?

जठारपेठेवर चार ओळी लिहून दे, असं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला सांगितलं की साधारण असा मजकूर हाती येतो : ‘जठारपेठ हा अकोल्याचा केवळ एक परिसर नाही, तर परंपरा आणि आधुनिकतेचा सुंदर संगम आहे. इथल्या प्रत्येक गल्लीत एक कथा दडलेली आहे.’ व्याकरण चोख, शुद्धलेखनात बोट ठेवायला जागा नाही. आता जठारपेठ खोडून परतवाडा लिहा आणि अकोल्याच्या जागी अचलपूर. मजकुराला ओरखडासुद्धा उठत नाही. गल्लोगल्ली कथा दडल्या आहेत म्हणणाऱ्याने त्यातली एक तरी सांगायला हवी होती.

असा मजकूर वाचला की मला आपल्याच वऱ्हाडातलं रिद्धपूर आठवतं. अमरावती जिल्ह्यातल्या या गावाशी ‘लीळाचरित्रा’चं नातं जुनं आहे. त्यातली एक लीळा पाहा. गुजरातेतून रामटेकच्या यात्रेला निघालेला एक राजपुत्र रिद्धपुरात येतो. तिथे रांधवणहाटात, म्हणजे शिजवलेल्या अन्नाच्या बाजारात, त्याला गोविंदप्रभू भेटतात. प्रभू शेंगुळेबुड्डे खात असतात, त्यातलंच ते त्याच्याकडे टाकतात. हा राजपुत्र म्हणजे पुढचे चक्रधरस्वामी. केवढा मोठा प्रसंग! पण आकाशवाणी नाही की दिव्य तेजाचा झोत नाही. गुरू भेटतो तो बाजारात, खाता खाता. महत्त्वाच्या क्षणी महत्त्वाचा शब्द वापरायचा मोह लिहिणाऱ्याने पार टाळला आहे, आणि म्हणूनच तो हाट आजही डोळ्यांपुढे उभा राहतो.

शेंगुळेबुड्डे आज यंत्रालाही लिहिता येतील. ज्ञानकोशातला तपशील त्याला ठाऊक आहे, वऱ्हाडी बोलीची नक्कलही ते बरी करतं. म्हणून तपशील सापडला की माणूस सापडला, असं मी मानत नाही. ‘लीळाचरित्र’ लिहिणाऱ्या म्हाइंभटांचं खरं मोठेपण आणखी खोल आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, त्या ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं त्यांना गाठून. नागदेवाचार्यांना विचारलं, इतर शिष्यांना विचारलं. मूळ पोथी पुढे परचक्रात गेली आणि ग्रंथ शिष्यांच्या स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला. तेव्हा एकाला एक आठवे, दुसऱ्याला दुसरं. चक्रधरांच्या पंथाने हे मतभेद दडपले नाहीत. अमक्याच्या मते असं, तमक्याच्या मते तसं, ही नोंद पाठात राहू दिली.

मला हीच जागा सर्वांत सुंदर वाटते. दोन आठवणी जुळत नाहीत आणि लिहिणारा त्या ओढूनताणून जुळवत नाही. यंत्राचा स्वभाव नेमका उलटा. शंभर जणांनी सांगितलेलं घोटून ते एकच गुळगुळीत वाक्य देतं. कुणी सांगितलं, कुणाचं पटलं नाही, हे सगळं त्या घोटण्यात विरून जातं. मजकूर वाचताना मी म्हणूनच एक प्रश्न धरून बसतो : याला साक्षी कोण?

अर्थात साक्षीविना लिहिणारी माणसंही रगड आहेत. गौरवग्रंथ चाळा, सत्कारातली भाषणं ऐका. ‘सुंदर संगम’ तिथे यंत्राच्या कितीतरी आधीपासून वाहतो आहे. त्यामुळे अशा खुणांवरून कुणाला चोर ठरवणं धोक्याचं. असं यंत्र बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये यंत्रलेखन ओळखणारं साधन काढलं. त्यांच्याच चाचणीत यंत्राच्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला ‘बहुधा यंत्राचा’ म्हणून ओळखता आला आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर यंत्राचा शिक्का बसला. जुलैत त्यांनी ते मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना दिसलं की इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांचे निम्म्याहून अधिक निबंध अशी साधनं यंत्राचे ठरवत होती. सरळ, बेताच्या शब्दांत लिहिणं हाच त्यांचा गुन्हा ठरला.

आपल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. निबंधाचा संशय आला तर तो कुठल्या साधनात टाकू नका. पोराला जवळ बसवा आणि म्हाइंभटांसारखं विचारा : हे तुला कोणी सांगितलं? तू कुठं पाहिलंस? आणि त्याचं उत्तर पुरतं ऐकून घ्या.