मुर्शिद कुलीखानाची तगाई : एका प्रशस्तीची परीक्षा

मोगल दक्षिणेंतील ज्या मुलकी अंमलदाराचें नांव इतिहासग्रंथांत जवळजवळ निरपवाद स्तुतीनें घेतलें जातें, तो औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारींतील दिवाण मुर्शिद कुलीखान होय. त्यानें जमीन मोजविली, पिकापिकाप्रमाणें धारा बांधला, ज्या गांवांस पाटील उरला नव्हता तेथें लागवड वाढवील असा मनुष्य पाहून नवा पाटील नेमला, आणि दुबळ्या कुळांस बैल, बीं व औतें घेण्यासाठीं सरकारी खजिन्यांतून तगाई देऊन ती सुगीस हप्त्यांनीं उगविली, असें त्याचें वर्णन आहे. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर शेतकीस साह्य देण्याच्या योजना चालविणारा हा औरंगाबादचा (२०२३ पासून छत्रपति संभाजीनगरचा) एक आद्य सरकारी तज्ज्ञ ठरतो. हें वर्णन कोणाच्या लेखणींतून आलें आणि त्यांतील कोणता भाग पुराव्यास टिकतो, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. खानाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या कुळांच्या नांवानें ही स्तुति झाली, त्यांच्या हातीं खरोखर काय पडलें हें विचारणें इतिहासकाराचें काम आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. बंगालच्या सुभ्याचा प्रसिद्ध मुर्शिद कुलीखान (मृत्यु १७२७) निराळा. त्याचीही मुलकी नोकरी दक्षिणेंतच सुरू झाल्यानें हौशी लेखक दोघांस एक करून टाकतात. आपला खान खुरासानचा. १६३८ सालीं कंदाहारचा किल्ला शहाजहानास देऊन मोगलांकडे आलेल्या अलीमर्दानखानाबरोबर तो हिंदुस्थानांत आला. औरंगजेब दक्षिणेच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदां आला, त्या वेळीं हा बालाघाटचा दिवाण म्हणून त्याच्याबरोबर होता. पाईनघाटची दिवाणगिरी त्याकडे १६५६ त आली. एप्रिल १६५८ त धरमतच्या लढाईंत औरंगजेबाच्या बाजूनें लढतांना तो ठार झाला. म्हणजे सगळ्या दक्षिणेचा कारभार त्याच्या हातीं दोनअडीच वर्षेंच होता, आणि त्यांतही १६५६ ची गोवळकोंड्याची व १६५७ ची विजापूरची मोहीम आली. ही कालमर्यादा ध्यानांत न ठेवतां त्याच्या कामाचें मोजमाप करणारांची संख्या थोडी नाहीं.

आतां साक्षीदार. मुख्य साक्ष खाफीखानाची. त्याचा ‘मुन्तखबुल्लुबाब’ १७३१ च्या सुमारास पुरा झाला, म्हणजे खानाच्या मृत्यूस तोंवर सत्तरांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. दुसरी साक्ष ‘मआसिरुल्उमरा’ची. हा ग्रंथ औरंगाबादेंतच लिहिला गेला. त्याचा कर्ता शाहनवाजखान १७५८ त मारला गेला, त्याचें घर लुटलें गेलें आणि हस्तलिखिताचे बंद उधळले; ते गुलामअली आझाद बिलग्रामी यानें हुडकून एकत्र केले आणि पुढें शाहनवाजखानाचा मुलगा अब्दुल हई यानें १७८० त ग्रंथ पुरा केला. पोथी जमविणाराच्या मनाला चटका लावणारी ही हकीकत आहे. परंतु ग्रंथाचें भाग्य थोर म्हणून साक्ष स्वतंत्र होत नाहीं. खाफीखानाचें पुस्तक मआसिरच्या कर्त्यांपुढें होतें व त्याचा उपयोग त्यांनीं केला आहे. तेव्हां दोन ग्रंथांत तीच गोष्ट आढळली म्हणून ती दोनदां सिद्ध झाली असें मानतां येत नाहीं. सर जदुनाथ सरकार यांनीं ‘हिस्टरी ऑफ औरंगजेब’च्या पहिल्या खंडांत (१९१२) या वर्णनास इंग्रजी वाचकांपुढें मांडलें, आणि तेव्हांपासून तें पाठ्यपुस्तकांत उतरत आलें आहे.

खाफीखान स्वतः मुलकी नोकरींत वावरलेला. आपल्या काळीं मुलूख कसा नागवला जात आहे हें तो डोळ्यांनीं पाहत होता, आणि मागल्या दिवाणाची स्तुति ही त्याच्या लेखणींत चालू अंमलदारांच्या पाठीवर ओढलेला कोरडाही असते. शिवाय तगाईचें वाक्य पाहा. गरजू कुळास पैसा द्यावा व तो सवडीनें परत घ्यावा, हें ‘आईन-इ-अकबरी’मध्यें अमलगुजाराचें कर्तव्य म्हणून सांगितलेलें आहे. मोगल दफ्तरांत वाढलेल्या मनुष्यास उत्तम दिवाणाचें चित्र काढावयाचें झाल्यास हा रंग त्याच्या हाताशीं तयारच होता. यावरून वाक्य खोटें ठरत नाहीं. पण एवढ्यावरून खरेंही ठरत नाहीं.

धाऱ्याच्या प्रकरणाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि आमच्या मतें खानाचें खरें मोठेपण येथें आहे. पूर्वी दक्षिणेंत नांगरामागें ठराविक रक्कम घेण्याची चाल होती. बैलजोडी असेल त्यानें वाटेल तें पिकवावें व बांधलेला आंकडा भरावा. खानानें मागासलेल्या भागांत ही चाल मोडली नाहीं, तशीच ठेविली. दुसऱ्या भागांत त्यानें बटाई लावली, आणि तिचे दर असे : केवळ पावसावर येणाऱ्या पिकांत सरकारचा निम्मा, मोटस्थळाच्या धान्यांत एक तृतीयांश, ऊस, केळी, द्राक्ष, अफू अशा विहिरीच्या पाण्यावर फार दिवस जोपासाव्या लागणाऱ्या पिकांत एक नवमांशापासून एक चतुर्थांशापर्यंत. पाटस्थळास दर निराळे, कोठें मोटस्थळाहून अधिक तर कोठें कमी. तिसऱ्या प्रकारांत जमीन मोजून, पीक व बाजारभाव पाहून बिघ्यामागें धारा ठरविला.

हे दर आईनांतून उचललेले नाहींत. मोट ओढणाऱ्या बैलांचा चारा, नाडा-सोंदूर, उसाला लागणारे महिने आणि तोंवर कुळानें खावयाचें काय, हा हिशेब ज्यानें केला त्याच्याच हातून नवमांशाचा दर उतरतो. जिराईतावर निम्मा हा आंकडा जड आहे, हें लपविण्याचें कारण नाहीं. पण ज्या कुळानें स्वतःच्या श्रमानें पाणी काढलें त्याच्या श्रमावर कर कमी, हें तत्त्व त्यांत स्पष्ट आहे. विहीर पाडणाऱ्यास एवढी सवलत हें स्वतःच एक साह्य होय, आणि तें खजिन्यांतून एक रुपयाही न काढतां दिलेलें. प्रशस्तिकारांनीं तगाईवर भर दिला व याकडे ओझरतें पाहिलें, हें आम्हांस उलटें वाटतें.

मोजणीची दोरी खान कधींकधीं स्वतः धरी, ही आख्यायिकाही याच प्रकरणांतली. ती खरी धरावयास हरकत नाहीं. मात्र तिचा अर्थ काय? वरिष्ठ दिवाणास दोरी धरावी लागते, तेव्हां अमिनांवर त्याचा भरंवसा नाहीं असें होतें. दक्षिणेचे चार सुभे एका माणसाच्या दोरीनें मोजले जात नाहींत. तो जेथें उभा नव्हता तेथें काय झालें, हें आख्यायिका सांगत नाहीं.

तगाईकडे वळूं. समकालीन पुरावा पाहिजे तर ‘आदाब-इ-आलमगिरी’कडे गेलें पाहिजे. औरंगजेबाच्या वतीनें काबिलखानानें लिहिलेलीं हीं पत्रें त्या त्या वेळच्या गरजेनें लिहिलेलीं आहेत, स्तुतीसाठीं नव्हेत. त्या काळचें चित्र असें : दक्षिणेच्या चार सुभ्यांचा आकार ३ कोटी ६२ लाख रुपयांचा, आणि १६५२ त प्रत्यक्ष वसूल एक कोटीचा. १६३० ते १६३२ चा घोर दुष्काळ, निजामशाहीच्या अखेरच्या लढाया, आणि सारखे बदलणारे जागीरदार यांनीं मुलूख ओस पडला होता. बाप वसूल वाढवा म्हणून तगादा लावतो, मुलगा उजाड मुलूख एकदम सावरत नाहीं म्हणून सांगतो. या व्यवहारांत खानदेश व वऱ्हाडच्या पाईनघाटांत पाण्याचे बांध घालण्यासाठीं ४० ते ५० हजार रुपये तगाई देण्याचा विषय येतो. विषय खरा, रक्कमही खरी. पण ती त्या एक कोटीच्या वसुलाशीं ताडून पाहावी : शेंकडा अर्ध्याहून अधिक नाहीं. शिवाय बराच मुलूख जागिरींत गेलेला, आणि दोनतीन वर्षांत बदली होणारा जागीरदार पुढल्याच्या फायद्यासाठीं बैलाला पैसे कशाला देईल? तेव्हां तगाई होती, परंतु सबंध दक्षिण तिनें उभी राहिली असें म्हणण्यास आधार नाहीं.

याविरुद्ध भीमसेन सक्सेनाची साक्ष काढतां येईल. ‘नुस्खा-इ-दिलकुशा’ लिहिणारा हा गृहस्थ औरंगाबादेंत वाढला. १६५८ च्या सुमारास शहराभोंवतीं पडीक जमीन म्हणून नव्हती. गहूं व डाळ रुपयास अडीच मण, ज्वारी-बाजरी साडेतीन मण मिळे, असें तो लिहितो. साक्ष स्वतंत्र आहे, म्हणून मोलाची आहे. पण त्याचा जन्म १६४९ चा. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाच्या आठवणी म्हाताऱ्यानें लिहिल्या आहेत, आणि त्याही राजधानीच्या वेशीपुरत्या. दुसरें असें कीं, स्वस्ताई घेणाराची, विकणाराची नव्हे. ज्यास धारा रोख भरावयाचा त्यानें एका रुपयासाठीं साडेतीन मण ज्वारी बाजारांत ओतावयाची. सरकारांनीं हे भाव सुबत्तेची खूण म्हणून घेतले. शहरवासीयापुरतें तें बरोबर आहे.

मग शेतकऱ्यास साह्य दिल्याचा चांगला कागद असतो कसा? तुलनेसाठीं अठरा वर्षांनंतरचें व दुसऱ्या राज्यांतलें एक पत्र घेतों. ५ सप्टेंबर १६७६ रोजीं शिवाजी महाराजांनीं मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेलें पत्र वाचकांच्या परिचयाचें आहे. गांवोगांव फिरावें, कुणबी गोळा करावे, ज्याच्यापाशीं माणूसबळ आहे पण बैल नाहीं त्यास बैलासाठीं पैका व पोटास धान्य द्यावें, वाढीदिढी न करतां नुसतें मुद्दल त्याची ऐपत येईल तसें हळूहळू घ्यावें, यासाठीं दोन लाख लारीपर्यंत खर्च पडला तरी करावा, असा त्याचा आशय. एकानें दुसऱ्याचें अनुकरण केलें असें आम्ही म्हणत नाहीं. फरक साक्षीच्या जातीचा आहे. तेथें सत्तर वर्षांनंतरची स्तुति, येथें त्याच दिवशीं सुटलेला हुकूम, खर्चाच्या मर्यादेसह. तरीही हुकूम म्हणजे अंमल नव्हे. रामाजीपंतांच्या सुभ्यांत किती बैल उभे राहिले हें या पत्रावरूनही कळत नाहीं.

औरंगाबादेहून हैदराबादेस गेलेल्या शहाजहान-औरंगजेबकालीन कागदांत मनसबदारांच्या हजिऱ्या व जागिरींचे व्यवहार विपुल आहेत. कुळाच्या गोठ्यापर्यंत ते क्वचितच पोंचतात. तो पुरावा असावयाचा तर पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, फुलंब्री इकडील पाटील-कुलकर्ण्यांच्या रुमालांत. आणि येथें संग्राहकांचा दोष स्पष्ट सांगितला पाहिजे. मोर्तबाची सनद दिसली कीं हात पुढें होतो. वसूलबाकीची यादी, कौलाचा किंवा इस्ताव्याचा कागद, तगाईचा कतबा हीं रद्दी म्हणून मागें राहतात. आजच्या कृषि अधिकाऱ्याच्या कचेरींतही घोषणेची फाईल जपली जाते आणि हप्ता कोणास मिळाला त्याची नोंदवही आधीं वाळवीच्या स्वाधीन होते; तेव्हां हा दोष आपल्या एकट्यांचा नाहीं.

अशा एखाद्या कागदावर रकमेपुढें तगाईचा शब्द, बैलाची किंमत, हप्त्याचा महिना आणि कुळाचें नांव हीं चार कलमें आढळल्यास त्याची नक्कल करून ठेवावी. फारसी सन व मराठी तिथि दोन्ही असतील तर दोन्ही उतराव्या. आकाराचा आंकडा व उगवणीचा आंकडा वेगळाले लिहावे, आणि बाकी माफ केल्याचा शेरा असल्यास तो कोणाच्या हातचा आहे, दिवाणाच्या कीं गांवच्या कुलकर्ण्याच्या, हें अक्षरावरून पारखून त्या नकलेखालीं नमूद करावें.