प्रश्नोत्तरांची पाच मिनिटे

मेंदूवरच्या व्याख्यानांची माझी टिपणवही नांदेडला सुरू झाली, लातूरला भरली. तक्रार वक्त्यांच्या इंग्रजीची नाही; शिळ्या आकड्यांची आणि न ऐकलेल्या प्रश्नांची आहे. मेंदूत दहा हजार कोटी चेतापेशी, हे अजून पडद्यावर झळकते. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांच्या गटाने २००९ मध्ये प्रत्यक्ष मोजणी करून तो आकडा सुमारे ८,६०० कोटींवर आणला.

लातूरच्या एका चर्चासत्रात मागच्या रांगेतले एक शेतकरी उठले. मळणी यंत्रात हात गेलेला. "नसलेल्या हाताची बोटं रातच्याला ठणकायलेत, हे कसं काय, सर?" वक्ते म्हणाले, "विषयाला धरून विचारा." अहो, हाच तर विषय! व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात अशाच रुग्णांपुढे उभा आरसा ठेवला. धडधाकट हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसले आणि काहींची वेदना उतरली. सगळ्यांची नाही. २००३ मध्ये बीबीसीच्या रीथ व्याख्यानांतून त्यांनी हे सामान्य श्रोत्यांना समजावले.

आमच्याकडे प्रश्नांना पाच मिनिटे, प्रमाणपत्र वाटपाला पाऊण तास. चहाच्या वेळी मी त्या गृहस्थांना शोधले. ते एसटी गाठायला निघून गेले होते.