न उघडलेले दार

संगणकात चालू असलेल्या आज्ञावलींना स्मृती वाटून देण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, करतो. लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्यांना शिकवण असते, की मागितलेली स्मृती मिळेलच असे नाही. नकार आल्यास काय करायचे तेही लिहून ठेवा. प्रत्यक्षात ३२ किलोबाइटपर्यंतच्या साध्या मागणीला गाभा जवळजवळ कधीच नकार देत नाही. तो थांबतो, वेळ पडल्यास एखादी आज्ञावली बंद पाडून जागा करतो. २०१४ च्या अखेरीस यातील धोका चर्चेत आला. बंद पडायची आज्ञावली ज्या कुलपासाठी खोळंबली आहे, ते स्मृती मागणाऱ्याच्याच हाती असेल, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात!

मग उद्यापासून नकार द्यावा का? आम्हाला तसे वाटत नाही. नकारासाठी लिहिलेल्या कित्येक ओळी कधी चाललेल्याच नाहीत. शाळेचे मागचे दार वर्षानुवर्षे उघडले नसेल, तर आगीच्या दिवशी ते उघडेल याचा भरवसा काय? २०१६ मध्ये अडकलेल्या आज्ञावलीची स्मृती परस्पर काढून घेण्याची सोय आली. कोंडी बरीच सुटली. दार मात्र बंदच राहिले. मुद्दाम नकार देऊन चाचणी घेण्याची सोय लिनक्समध्ये आहे. नियम बदलण्याआधी ती नेमाने वापरावी, असे आम्हाला वाटते.