पुसलेले पाप, पुसलेले वचन

चित्रकथा ह्या वाङ्मयप्रकाराची आपल्याकडील समीक्षेने फारशी दखल घेतलेली नाही. मुलांची करमणूक, सुटीत चाळायची पाने, एवढेच तिचे मोल ठरवून थोरांनी तिच्याकडे पाठ फिरवली. तथापि ज्या घरातील मुलाच्या दप्तरावर स्पायडरमॅनचे चित्र आहे, त्या घरात तो नायक मुलाच्या मनावर रोज काही ना काही संस्कार करीत असतो, हे आईवडिलांनी ध्यानात घ्यायला हवे.

अमेरिकन कॉमिक्सच्या निष्ठावंत वाचकांची एक जुनी तक्रार आहे. लेखक बदलला की त्याच नायकाचा स्वभाव बदलतो. काल जो संयमी होता तो आज अकारण क्रूर होतो आणि उद्या तिसरा लेखक येऊन हे सारे वेगळेच होते असे सांगतो. ही तक्रार वरवर क्षुल्लक वाटते. पण ती साहित्याच्या, आणि नीतीच्याही, मुळाशी जाणारी आहे.

पात्राच्या ठायी सुसंगती असावी, असा आग्रह ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात धरला आहे. मूळ व्यक्तीच चंचल असेल तर तिच्या चंचलतेतही सुसंगती हवी, इथपर्यंत तो जातो. ह्याचा अर्थ पात्राने बदलूच नये असा होत नाही. माणसे घसरतात, सावरतात. परंतु प्रत्येक बदलामागे कारण असते आणि प्रत्येक कृत्यामागून परिणाम येतो. कॉमिक्समध्ये ही साखळी तुटते ती व्यावहारिक कारणाने. तेथील बहुतेक नायक हे निर्मात्याचे अपत्य असले तरी प्रकाशन संस्थेची मालमत्ता असतात. लेखक येतात-जातात, संपादक बदलतात, अंक मात्र निघालाच पाहिजे. शिवाय १९६२ साली शाळेत शिकणारा पीटर पार्कर साठ वर्षांनंतरही तरुणच दिसला पाहिजे. मग अडचण आली की मागची कथाच फिरवून सांगायची, ही युक्ती सोयीची ठरते.

ह्या युक्तीची दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण ग्रीन लँटर्नचे. हॅल जॉर्डन हा निर्भय वैमानिक डीसी कॉमिक्समध्ये १९५९ साली अवतरला. १९९४ साली रॉन मार्झ ह्या लेखकाच्या तीन अंकांत, आपले शहर बेचिराख झाल्याच्या दुःखाने वेडापिसा झालेला हा नायक सहकाऱ्यांच्या अंगठ्या हिसकावून घेतो आणि किलोवॉग ह्या मित्राची हत्या करतो. पस्तीस वर्षांचा सज्जन तीन अंकांत खुनी झाला, म्हणून वाचक संतापले, आणि त्यांचा संताप रास्त होता. मात्र पुढे त्या पापाला काही अर्थ प्राप्त झाला. १९९६ साली विझत चाललेला सूर्य पुन्हा पेटवण्यासाठी हॅलने आत्मबलिदान केले. पापाच्या भाराखाली वाकलेल्या माणसाचे ते प्रायश्चित्त होते. त्यानंतर २००४ साली जेफ जॉन्स ह्या लेखकाने नवी मालिका सुरू केली आणि असा उलगडा केला की हॅलच्या अंतरी भीतीवर जगणारा एक परजीवी जीव शिरला होता. दुष्कृत्यांचे मूळ तोच होता. हॅलच्या कानशिलावरचे पांढरे केससुद्धा त्या जीवाच्या खाती जमा झाले!

वाचकांना आपला नायक परत मिळाला, त्याचा त्यांना आनंद झाला. पण किंमत काय पडली? पाप जर त्याचे नव्हतेच, तर १९९६ सालच्या बलिदानाला प्रायश्चित्त म्हणून काय अर्थ उरला? नायक निर्दोष झाला आणि लहान झाला.

दुसरे उदाहरण अधिक वेदनादायक आहे. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको ह्यांनी १९६२ साली स्पायडरमॅनला जन्म दिला. त्याची सारी कथा एका चुकीवर उभी आहे. पीटर पार्कर हातातून जाणाऱ्या चोराला अडवीत नाही आणि तोच चोर पुढे त्याच्या बेन काकांचा जीव घेतो. सामर्थ्याबरोबर जबाबदारी येते, केलेले कृत्य परत घेता येत नाही, हा त्या कथेचा प्राण आहे. १९८७ साली पीटर आणि मेरी जेन ह्यांचा विवाह झाला. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्या विवाहाचा जाहीर सोहळाही करण्यात आला होता.

वीस वर्षांनी, २००७ साली, ‘वन मोअर डे’ ही कथा आली. पीटरसाठी झाडलेली गोळी लागून मे काकू मृत्युशय्येवर आहे. मेफिस्टो नावाचा सैतान पीटरपाशी येतो. काकूचे प्राण तो वाचवील, मोबदल्यात त्याला ह्या दोघांचा विवाह हवा आहे. तोही असा की, तो कधी झालाच नव्हता. पती-पत्नी सौदा मान्य करतात. दुसऱ्या दिवशी पीटर अविवाहित म्हणून जागा होतो, त्याला काही आठवत नाही.

ज्या नायकाचे संपूर्ण जीवन कृत्याची किंमत स्वतः मोजण्यावर उभे, तोच सैतानाशी करार करून किंमत चुकवतो. मालिकेचे लेखक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की ह्यांनीही ह्या शेवटाबद्दल आपले मतभेद जाहीरपणे नोंदवले. प्रमुख संपादक ज्यो केसादा ह्यांची भूमिका अशी होती की विवाहामुळे नायक प्रौढ वाटू लागतो, तरुण वाचकांना दुरावतो. आणि घटस्फोटित किंवा विधुर दाखवल्यास तो आणखीच वयस्क होईल. घटस्फोट नको म्हणून सैतानाकरवी विवाह पुसावा, ही तडजोड चमत्कारिक आहे. दुरावलेल्या दांपत्याच्या निदान आठवणी तरी खऱ्या असतात.

विवाहाने नायक निस्तेज होतो हे विधानही तपासून पाहावे. इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्यापैकी अनेकांनी ज्याला वेताळ म्हणून ओळखले, तो फँटम ली फॉक ह्यांनी १९३६ साली निर्माण केला आणि १९९९ साली मृत्यू येईपर्यंत ते त्याच्या कथा लिहीत राहिले. १९७७ साली फँटमचे डायनाशी लग्न झाले; १९७९ साली त्यांना जुळी मुले झाली. त्याने वेताळाचा दरारा कमी झाला नाही. आणि २०२४ साली मार्व्हलनेच एका पर्यायी विश्वातला, पत्नी आणि दोन मुले असलेला पीटर पार्कर सादर केला, तेव्हा वाचकांनी त्याचे मनापासून स्वागत केले.

कॉमिक्समध्ये हे साधतच नाही असे म्हणणाऱ्यांनी ‘डेअरडेव्हिल’ची १९८६ सालची ‘बॉर्न अगेन’ ही कथामाला वाचावी. लेखक फ्रँक मिलर, चित्रकार डेव्हिड मॅझुकेली. मॅट मर्डॉक हा अंध वकील कॅथलिक आहे. त्याची जुनी प्रेयसी कॅरन पेज अमली पदार्थांच्या आहारी जाऊन एका मात्रेसाठी त्याच्या खऱ्या ओळखीचे गुपित विकते. त्यातून मॅटचे घर, पैसा, वकिली सारे नष्ट होते. जखमी अवस्थेत एक धर्मभगिनी त्याची शुश्रूषा करते. पुढे कॅरन भेटते तेव्हा तिने काय केले ते त्याला ठाऊक असते. तरीही तो तिला जवळ घेतो. कोणी परजीवी निघत नाही, कोणी सैतान काही पुसत नाही. दोघेही मोडलेले आहेत, आणि अखेरीस बरोबर चालत आहेत.

क्षमा आणि पुसून टाकणे ह्यांतला भेद येथे उघड होतो. क्षमा करायची तर अपराध मान्य करावा लागतो. जे घडलेच नाही त्याची क्षमा कोण, कोणाला करणार? शुभवर्तमानकारांनी पेत्राचे तीन वेळा नाकारणे लपवले नाही. ते लपवले असते तर पुनरुत्थित प्रभूने त्याला तीन वेळा प्रेमाविषयी विचारले, ह्यातील मर्म आपल्या हाती लागले नसते.

कंपन्यांना धंदा करायचा आहे, हे मान्य. दरमहा कथा पुरवणाऱ्या लेखकांची ओढाताणही समजू शकते. तरी ज्या वाचकाने वीस वर्षे एका संसाराची कथा पैसे मोजून वाचली, त्याला ते सारे मिथ्या होते असे सांगणे हा त्याच्या स्मृतीचा अवमान आहे.

पालकांनी कॉमिक्स हिरावून घेऊ नयेत. मुलांशेजारी बसून एकदा ती वाचावीत आणि विचारावे, ‘हा असा का वागला? त्याच्या वागण्याचे पुढे काय झाले?’ ज्या कथेत ह्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सापडते, ती कथा मुलाच्या हाती निर्धास्तपणे द्यावी.