संगीत नाट्यप्रयोगांतील अपंग पात्रे आणि विनोद : एकनाथांचे भारूड ते 'तीन पैशाचा तमाशा'

बीजशब्द : भारूड, गौळण, पेंद्या, सोंगाड्या, अपंगत्व, विनोद

प्रस्तावना

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या १८८० मधील 'संगीत शाकुंतल'पासून सांगण्याची रीत आहे. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून भारूड, दशावतार आणि तमाशा या लोकप्रकारांत गाणे, सोंग आणि थट्टा एकत्र नांदत आली आहे. या सोंगांत बहिरा, मुका, आंधळा, पांगळा ही पात्रे येतात आणि प्रेक्षक हसतात. अशा विनोदाला गाण्याच्या नाट्यप्रयोगात स्थान असावे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. विद्यापीठीय युवक महोत्सवांत भारूड, लोकनाट्य, प्रहसन, नक्कल हे प्रकार विद्यार्थी सादर करतात. दुसरीकडे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी राखीव आहेत. म्हणजेच ज्याच्या चालण्याची वा बोलण्याची नक्कल मंचावर होते, तो विद्यार्थी आता त्याच सभागृहात बसलेला असतो. तो इतरांबरोबर हसू शकेल की मान खाली घालील, हे तालमीतच ठरते.

भारुडातील रूपक

आपल्या जिल्ह्यातील पैठणचे संत एकनाथ (१५३३-१५९९) यांच्या भारुडांत बहिरा, मुका अशी सोंगे आहेत. ही सोंगे प्रथमपुरुषी बोलतात. हरिकथा ऐकली नाही म्हणून बहिरा झालो, विद्येच्या अहंकाराने वाचा गेली, अशी ती कबुली असते. सोंगाकडे पाहून हसणारा श्रोता अखेरीस स्वतःलाच हसत असतो, कारण कान असून न ऐकणारा तोच आहे. नाथांच्या विनोदाचा रोख अपंग माणसावर नाही, हे मान्यच करावे लागते.

तथापि येथे एक अडचण उरते. अवगुणाचे फळ म्हणून इंद्रिय गेले, ही कल्पना रूपक म्हणून वापरली जात असली तरी समाजाने ती शब्दशः घेतली आहे. अपंगत्व हे पूर्वकर्माचे फळ, हा समज आजही घराघरांत आढळतो. रूपकातून बोध श्रोत्याला मिळतो, त्याचा भार मात्र खऱ्या बहिऱ्याला वाहावा लागतो. यावर भारूडच टाळणे हा उपाय नव्हे. कलावंताने बहिऱ्या व्यक्तीच्या बोलण्याची नक्कल न करता, धडधाकट कानांत स्वतः बोटे घालणारा माणूस उभा केला, तर नाथांचा अर्थ अधिकच स्पष्ट होईल. सादरीकरणातील एवढा बदल संहितेला कोठेही बाधक ठरत नाही.

गौळणीतील पेंद्या

तमाशाच्या गौळणीत येणारा कृष्णाचा सवंगडी पेंद्या हे या विषयाचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण होय. परंपरेने तो पायाने अधू व बोबडा मानला जातो. मात्र तो दयेचा विषय नाही. तो कृष्णाचा जिवलग आहे, गौळणींची वाट अडवण्यात सामील आहे आणि प्रसंगी देवालाही उलट उत्तर देणारा आहे. सोंगाड्याच्या तोंडी पेंद्याचे हजरजबाबी उत्तर येते तेव्हा हसू त्याच्या बुद्धीला मिळालेले असते. तोच पेंद्या केवळ अडखळून पुनःपुन्हा पडतो आणि त्या पडण्यावरच हशा वसूल केला जातो, तेव्हा पात्र संपते व फक्त पाय उरतो. पात्र एकच, परंपरा एकच, तरी दोन विनोदांत मूलभूत फरक आहे.

'तीन पैशाचा तमाशा'

व्यंग वगळूनही हशा टिकतो की नाही, एवढीच कसोटी मात्र पुरेशी नाही. पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा' (१९२८) या संगीत नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिले. थिएटर अकादमीने १९७८ मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणले. ब्रेख्तच्या नाटकातील पीचम भिकाऱ्यांना लुळेपणाची, आंधळेपणाची सोंगे पुरवून धंदा करतो. येथे व्यंग काढून टाकले तर विनोदच उरत नाही. तरीही तो अपंगांवरचा विनोद नव्हे. करुणा विकत घेणारा सुखवस्तू समाज आणि तिची दुकानदारी करणारा व्यापारी हे त्याचे लक्ष्य आहे. एखाद्या प्रयोगात नटांनी लुळेपणाच्या अंगविक्षेपांवरच भर दिला, तर मात्र हे लक्ष्य हरवते.

न्यायालयाचे मत

८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निर्णय देताना असाच भेद केला. अपंगत्वाविषयीची समज वाढवणारा विनोद आणि अपंग व्यक्तीला हीन लेखणारा विनोद हे एक नव्हेत, असे न्यायालयाने म्हटले. चित्रपटावर बंधने न लादता चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि त्यात अपंग व्यक्तींच्या सहभागावर भर दिला. प्रकरण चित्रपटाचे असले तरी विचार रंगभूमीलाही लागू पडतो. विनोदावर बंधने आली तर रंगभूमी निर्जीव होईल, हा आक्षेप त्यामुळे बराचसा निराधार ठरतो.

सहभागाच्या दृष्टीने अमेरिकेतील एक उदाहरण बोलके आहे. 'ओक्लाहोमा!' या संगीत नाटकातील अ‍ॅडो अ‍ॅनी या विनोदी भूमिकेसाठी अ‍ॅली स्ट्रोकर यांना २०१९ मध्ये टोनी पुरस्कार मिळाला. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या कलावंताला मिळालेला हा पहिलाच टोनी होय. अ‍ॅनीचा विनोद तिच्या प्रेमातील चंचलतेवर उभा आहे, खुर्चीवर नाही. आपल्याकडे अपंग पात्रे रंगवली गेली ती प्रामुख्याने सुदृढ नटांकडून.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, अपंग पात्र विनोदापासून दूर ठेवणे हाही एक प्रकारे त्याला पंगतीतून उठवण्याचाच प्रकार आहे. प्रश्न विनोद असावा की नसावा हा नसून दोन गोष्टींचा आहे : हशातून कोणाचा मूर्खपणा उघडा पडतो, आणि पात्राला व्यंगापलीकडे बुद्धी, इच्छा व स्वतःचे गाणे आहे काय? पीचमचा धंदा पहिल्या कसोटीला उतरतो. हजरजबाबी पेंद्या दुसऱ्या कसोटीला उतरतो. नुसता पडणारा पेंद्या दोन्ही ठिकाणी नापास होतो. भारुडाचा रोख योग्य आहे, सादरीकरणात विवेक हवा. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९२ नुसार अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर जाहीर अपमान हा दंडनीय गुन्हा आहे. परंतु अभिरुची कायद्याच्या धाकाने घडत नाही, ती तालमीत घडते. महाविद्यालयीन संघांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी पेंद्याची भूमिका ज्याचा पाय खरोखरच अधू आहे अशा विद्यार्थ्यालाही खुली ठेवली, तर त्या पात्राचे कोणते विनोद टिकतात आणि कोणते गळून पडतात, हे कोणत्याही समीक्षेपेक्षा लवकर कळेल.