इको-निवास संहिता, २०१८ : ऊर्जा-कार्यक्षम आणि आरोग्यदायी घराच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना :
केंद्र शासनाच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' (भाग १) जाहीर केली. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन (सुधारणा) अधिनियमाने निवासी इमारतींनाही कायद्याच्या कक्षेत आणल्यामुळे या संहितेचे महत्त्व वाढले आहे. प्रस्तुत लेखात तिच्या निकषांतून निवासी व्यक्तीच्या आरोग्याची हमी मिळते काय, याचा विचार केला आहे.

संहितेचे स्वरूप :
५०० चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी ही संहिता आहे. थंड हवामान वगळता, भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचे मूल्य दर चौ. मी. १५ वॅटपेक्षा अधिक असू नये, असे ती सांगते. छपरासाठी स्वतंत्र मर्यादा आहे. उघडणाऱ्या भागाचे चटईक्षेत्राशी असलेले किमान प्रमाण उष्ण-दमट हवामानात १६.६६ टक्के, तर संमिश्र हवामानात १२.५ टक्के आहे. म्हणजे मुंबईतील ६०० चौ. फुटांच्या सदनिकेला सुमारे १०० चौ. फूट, तर नागपुरातील तेवढ्याच सदनिकेला ७५ चौ. फूट उघडे क्षेत्र हवे. दोन झडपांच्या सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो, याचीही नोंद संहिता घेते. यातील व्यवहार्य दृष्टी निःसंशय स्वागतार्ह आहे.

मर्यादा :
तथापि हे प्रमाण क्षेत्रफळाचे आहे, वाऱ्याचे नव्हे. समोरासमोर खिडक्या असाव्यात, अशी अट त्यात नाही. सर्व खिडक्या एकाच भिंतीत असल्या, तरी गणित जुळते. समोर दुसरी इमारत खेटून उभी असेल, डासांमुळे संध्याकाळी खिडक्या बंद होत असतील, तर कागदावरचे १०० चौ. फूट प्रत्यक्षात उरत नाहीत. भिंतींची ओल, रंगांची वाफ, स्वयंपाकघरातील धूर यांसाठी या भागात कोणतीही मर्यादा नाही. शिवाय लहान भूखंडांवरील घरे, जिथे पत्र्याखाली उन्हाळा काढावा लागतो, ती कक्षेबाहेरच राहतात.

लाभाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. काही क्षेत्रे वगळता महाराष्ट्रात लागू असलेल्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार हरित मानांकनाच्या श्रेणीप्रमाणे ३, ५ वा ७ टक्के अधिक चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो. हा लाभ विकासकाचा; विजेचे देयक आणि कोंदट हवा मात्र राहणाऱ्याच्या वाट्याला येते.

समारोप :
संहिता त्याज्य नाही. ती अपुरी आहे. आराखड्यावरून दिलेले प्रमाणपत्र हा घराच्या परीक्षेचा आरंभ मानावा. घर वापरात आल्यावर एक उन्हाळा व एक पावसाळा उलटल्यानंतर आतील तापमान, ओल आणि वीजवापर यांची मोजणी व्हावी आणि तिचा निष्कर्ष राहणाऱ्याच्या हाती द्यावा. तोवर 'आरोग्यदायी' हे विशेषण जपून वापरणेच इष्ट ठरेल.